ढिगावरचा पाहुणा

मास्तरांनी बायकोला न विचारता आयुष्यात एकच निर्णय घेतला, आणि तो सहा फुटांच्या वर उंच निघाला.

परदेशातून शिकायला येणाऱ्या मुलांना वर्षभर इथल्या घरांत ठेवायचं, अशी एक योजना त्यांच्या शाळेत आली होती. बाकीच्या मुलांना शहरातली घरं मिळाली. एका मुलाने मात्र मला खेड्यातच राहायचंय असा हट्ट धरला, आणि खेडं म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांना नाही म्हणता येत नाही, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. घरी येऊन त्यांनी ही बातमी तोंडात घास असताना सांगितली, म्हणजे निम्मे शब्द घासाबरोबर गिळता आले.

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"वर्षभर," मास्तर पाण्याच्या ग्लासात बघत म्हणाले.

बाईंनी त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. पाहुण्याला खाऊ घालायला त्यांची ना नव्हती. हात सढळ होता. त्यांना परकं माणूस घरात नको होतं, आणि घरामागच्या खोल्यांत तर मुळीच नको होतं.

घरामागे बाईंच्या मशरूमच्या तीन खोल्या होत्या. जाड भिंती, आत कायम गारवा आणि ओल, मांडण्यांवर ओळीने लावलेल्या खताच्या पिशव्या आणि त्यांतून डोकं वर काढणारी पांढरी मशरूमं. घर मास्तरांच्या पगारावर चालायचं. बाई चालायच्या त्या या खोल्यांवर. पूर्वी गावात त्यांना मास्तरांची बायको म्हणून ओळखत. आता मास्तरांची ओळख मशरूमबाईंचे यजमान अशी करून दिली जाते, आणि मास्तर ती ऐकून खुदकन हसतात, इतका तो भला माणूस.

खोल्यांचे नियम बाईंनी केलेले होते आणि ते घरातल्या देवापेक्षा कडक होते. पहिली खोली नव्या पिशव्यांची, मधली भर तोडणीची, शेवटची उतरत्या पिकाची. जायचं ते नवीतून मधलीत, मधलीतून जुनीत. उलट फिरायचं नाही, कारण रोग पायांनी चालत जातो, असं बाई सांगत. पुढच्या दाराशी चुन्याच्या पाण्याची परात ठेवलेली, तिच्यात चपला बुडवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. आणि मागच्या अंगाला, वापरून संपलेल्या खताचा जो ढीग होता, त्यावर चुकून पाय पडला तर अंघोळ करून कपडे-चपला बदलल्याशिवाय खोलीत पाऊल टाकायचं नाही. त्या ढिगात हिरवी बुरशी असते. डोळ्यांना दिसत नाही, पण तळव्याला चिकटून आत येते, पिशव्यांवर हिरवे डाग पाडते आणि पसरली की खोलीच रिकामी करावी लागते. मागल्या वर्षी परातीला वळसा घालून आत आली म्हणून एका चष्मेवाल्या कामकरणीला बाईंनी उभ्या उभ्या काढून टाकलं. ती रडली, घाईत विसरले म्हणाली, पण बाई बधल्या नाहीत.

परक्यांचं वावडं होतं त्यालाही कारण होतं. मास्तरांचा एक चुलतभाऊ चार दिवस राहतो म्हणून आला, वहिनी वहिनी करत खोल्यांतून फिरला, आणि पुढच्या हंगामात हमरस्त्यावर त्याच्या स्वतःच्या खोल्या उभ्या राहिल्या. पिशव्यांवर जो मातीचा थर घालतात, त्यात काय आणि किती मिसळायचं हे बाईंनी कित्येक वर्षं हात पोळून घेत शोधून काढलं होतं. चुलतदिराच्या पिशव्यांवर तीच माती दिसली, जशीच्या तशी. तेव्हापासून बाई माती कालवायच्या त्या दार लावून. सख्खी नणंद त्यांच्या हाताखाली काम करायची, पण तिलाही माती कालवून झाल्यावरच आत घेत.

यंदा सगळी भिस्त नव्या खोलीवर होती. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलाने पहिल्यांदाच माल मागितला होता. आजवर तो चुलतदीर पुरवायचा. पहिली खेप मनासारखी गेली तर गिऱ्हाईक कायमचं बाईंकडे येणार होतं, नाहीतर परत त्याच्याकडे जाणार होतं. आणि नेमका असल्या वेळी मास्तरांनी एक अख्खा अनोळखी माणूस घरात आणून ठेवला.

मुलगा आला तो दारात डोकं आपटूनच. कामकरणींनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव खांब ठेवलं. खांब उठला, खांब जेवला, खांब शाळेत गेला, अशा बातम्या तोडणी करता करता चालत. त्याला आपली भाषा थोडी यायची, तुटक पण नीट. मास्तरांना काका आणि बाईंना काकू म्हणायला तो येण्याआधीच शिकला होता. स्वतःचं ताट स्वतः घासायचा, अंथरुणाची घडी करायचा, पुढे केलेलं काहीही निमूट खायचा. मास्तर तर त्याच्यावर खूश होते. बाईंना मात्र एवढा चांगुलपणा काही पचेना. सतरा वर्षांचं पोर कुणी न सांगता ताट घासतं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांनी नणंदेला बोलून दाखवलं. नणंद म्हणाली की कदाचित आईने वळण लावलं असेल. बाई म्हणाल्या, की चुलतदीरही ताट घासायचा.

आल्यापासून दुसऱ्या आठवड्यात त्याने खोल्या बघायला मागितल्या. मास्तर हो म्हणून मोकळे झाले. बाईंनी त्याला परातीत पाय बुडवायला लावले, सगळे नियम एकदा नव्हे दोनदा ऐकवले आणि त्याच्या मागोमाग फिरल्या. मुलगा मांडण्यांपुढे वाकून बघत राहिला. त्याला त्यातल्या सगळ्याचंच नवल होतं. आणि मग त्याने बोट नेमकं तिथेच ठेवलं.

"काकू, ही माती कुठली?"

"जमिनीतली," बाई म्हणाल्या आणि त्याला बाहेर काढला.

त्या दिवसापासून बाईंच्या मनात पाल चुकचुकायला लागली ती थांबेचना. सकाळी तोडणीला तो हौसेने मदत करायचा, तर बाई त्याची टोपली आधी तपासायच्या आणि मग त्याची बोटं. एकदा त्याच्या शर्टाच्या खिशातून काड्यापेटी निघाली. आत चिमूटभर माती. विचारल्यावर म्हणाला, आजीला दाखवायची आहे, आजी बाग करते. बाईंनी ती काड्यापेटी चुलीत टाकली. आजीच्या नावावर माती चोरणारा पहिलाच बघितला, असं त्या मास्तरांना रात्री म्हणाल्या. मास्तर म्हणाले, अगं, चिमूटभर मातीत काय कळणार आहे. बाईंनी विचारलं, की तुमच्या भावाने तरी काय बैलगाडी भरून नेली होती का.

आणि मग संध्याकाळचं ते फोनचं सुरू झालं.

घर खोलगट जागी होतं, तिथे फोनला रेंज मिळत नसे. मुलगा फोन हातात धरून अंगणभर फिरला, गच्चीवर चढला, आणि शेवटी त्याला जागा सापडली ती खोल्यांमागच्या ढिगावर. तो ढीग चांगला पुरुषभर उंच होता. मग रोज संध्याकाळी, उजेड सरायच्या सुमाराला, खांब ढिगावर. पोतं अंथरून बसायचा आणि आपल्या भाषेत तासन्‌तास बोलायचा. मध्येच हसायचा. आणि मध्येच फोन उचलून खोल्यांकडे फिरवायचा, जरा वेळ तसाच धरायचा आणि परत स्वतःकडे वळवायचा.

ते फोन फिरवणं बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ढिगावर बसण्याबद्दल त्याला काही म्हणता येत नव्हतं, कारण तो नियम पाळत होता. ढिगावरून उतरला की थेट न्हाणीघरात जायचा, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत खोल्यांकडे फिरकायचाही नाही. पण तो कुणाला काय दाखवतो हे कळायलाच हवं होतं. पलीकडून कुणी प्रश्न विचारत असणार, हा उत्तरं देत असणार. शहरात चुलतदिराच्या ओळखी होत्याच. त्याने कुणाकरवी या पोराला हाताशी धरलं असेल तर? गोष्ट अशक्य वाटेल, पण बाईंना एकदा एखादी गोष्ट वाटली की ती शक्य होऊन बसायची.

दुसऱ्या संध्याकाळी बाई पाठीमागून गेल्या आणि ढिगाच्या पायथ्याशी, घसरून पसरलेल्या खतात, कान टवकारून उभ्या राहिल्या. एक शब्द कळेल तर शपथ. बोलणं म्हणजे नुसती लाह्यांची फटफट. तिथून त्याचं तोंड दिसेना, फोन दिसेना. म्हणून त्या भिंतीकडेने झपाझप नव्या खोलीच्या मागच्या दाराशी आल्या. ते दार फक्त खोली रिकामी करताना, जुन्या पिशव्या बाहेर काढायला उघडत. एरवी कायम कुलूप, आणि किल्ली बाईंच्या कमरेला. कुलूप काढून त्या आत शिरल्या आणि हवेसाठी ठेवलेल्या झरोक्याशी डोळा लावून उभ्या राहिल्या. झरोक्यातून ढीग अगदी समोर दिसत होता. तिथून पोराचा चेहरा दिसला, फोन फिरला तेव्हा त्याचा उजेड थेट त्यांच्या डोळ्यांवर आला, आणि त्या पटकन खाली वाकल्या.

असं रोजचं झालं. आधी पायथ्याशी ऐकायचं, मग मागच्या दाराने आत, मग झरोका. स्वयंपाक नणंदेवर टाकून बाई पहारा करायला जायच्या. मास्तर विचारायचे कुठे गेली होतीस, तर खोल्यांवर एक नजर टाकायला, असं सांगायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मुलाचं वागणंही आता चमत्कारिक व्हायला लागलं. तो बाईंच्या पायांकडे बघायचा. जेवताना, चहा देताना, अंगणात समोर आल्यावर, आधी नजर खाली पायांकडे आणि मग वर तोंडाकडे. बाईंना वाटलं, नजरेला नजर द्यायची हिंमत होत नाही. एका सकाळी त्याने त्यांना गाठून, शब्द जुळवत, फार अदबीने विचारलं:

"काकू, ढिगाकडून आलं की खोलीत जायचं नाही. हो ना?"

"कळतंय ना?" बाई म्हणाल्या. "मग पाळायचं."

त्याला अजून काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं, मिटलं, कान लाल झाले. बाईंनी ते सगळं बघून ठेवलं. नियम मुद्दाम पाठ म्हणून दाखवणारा माणूस तो मोडायच्या बेतात असतो, हे त्या नणंदेला म्हणाल्या. नणंद एकूण कमी बोलायची, आणि वहिनीपुढे त्याहून कमी.

मग चुना कमी व्हायला लागला. दाराशी पोतं होतं, त्यात कोरडा चुना असायचा. बाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. पोत्याचं तोंड जसं बांधलं होतं तसं नव्हतं. आणि त्याच सकाळी शाळेला निघालेल्या मुलाची बोटं पांढरी दिसली. हाक मारल्यावर त्याने हात पाठीमागे घेतला. चुन्याशी याला काय करायचंय? मातीत मिसळून बघतोय की काय? बाईंनी पोतं उचलून कोठीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी कोठीतल्या पोत्यातूनही चुना गेला. कोठीची किल्ली नणंदेकडेही असायची, पण नणंदेचा संशय घेण्याइतक्या बाई अजून पुढे गेल्या नव्हत्या.

आणि मग ती सकाळ उजाडली. नव्या खोलीत बाई पुढच्या दाराने गेल्या, पाय बुडवून, नेहमीसारख्या. पुढच्या मांडण्यांवर टाचणीच्या डोक्याएवढी पांढरी मशरूमं उठायला लागली होती. हॉटेलाची पहिली खेप. बाईंना हसू फुटलं. आणखी थोडं पुढे गेल्या आणि ते हसू तोंडावरच थिजलं. आतल्या मांडणीवर मातीच्या थरात हिरवा डाग होता. शेजारच्या पिशवीवर दुसरा. त्याच्या पलीकडे तळहाताएवढा हिरवा पट्टा.

बाई बाहेर आल्या आणि त्यांनी कुणालाही आत जायला मनाई केली. दिवसभर त्या घरात बोलल्या नाहीत. संध्याकाळी मुलगा शाळेतून आला, मास्तर आले, ताटं मांडली गेली, आणि मग बाईंनी तोंड उघडलं.

त्यांनी सगळं काढलं. काड्यापेटीतली माती, फोन, चुना, लपवलेला हात. खोल्यांत आजवर हिरवा डाग शिरला तो एकदाच, त्या चष्मेवालीच्या पायाने. त्यानंतर परातीशिवाय कुणी आत आलं नाही. मग आता ढिगावर रोज बसणारं माणूस घरात कोण आहे, हे मास्तरांनीच सांगावं. मास्तर म्हणाले, की तो संध्याकाळी खोल्यांत जातच नाही, मी स्वतः बघतो. बाई म्हणाल्या, तुम्ही तुमच्या भावालाही बघत होता.

मुलगा मान खाली घालून बसला होता. मास्तरांनी त्याला हळूच विचारलं, की तू आत गेला होतास का. त्याने मान हलवली, नाही. मग कोण गेलं होतं? त्यावर तो ताटाकडे बघत राहिला. बाईंना एवढं पुरे होतं.

"याला उद्याच्या उद्या न्यायला सांगा," त्या म्हणाल्या. "नुकसानीची तक्रार लिहून देते मी."

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी शाळेतून ती योजना चालवणाऱ्या संस्थेच्या मॅडमना फोन केला आणि घरी आले ते पडलेल्या चेहऱ्याने. नुसतं घर बदलायचं असेल तर प्रश्न नव्हता. मुख्याध्यापकांकडे खोली होती. पण यजमानांनी मुद्दाम नुकसान केल्याची तक्रार दिली, तर नियमाप्रमाणे मुलाला मायदेशी परत धाडावं लागतं. त्याचं वर्ष बुडतं, आणि तिकडच्या शाळेत शेरा बसतो तो वेगळाच. अगं, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे, असं मास्तर म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. बाई म्हणाल्या, आणि माझ्या आयुष्याचं काय. त्यांना ते अगदी खरं वाटत होतं.

मॅडम त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होत्या. सकाळी बाई नणंदेला घेऊन नव्या खोलीत शिरल्या. जेवढ्या पिशव्या नासल्या तेवढ्या बांधून बाहेर काढायच्या, उरलेल्या वाचल्या तर बघायचं. दोघी तोंडाला फडकी बांधून कामाला लागल्या. पुढच्या मांडण्या स्वच्छ. मधल्या स्वच्छ. नणंद वाकून एकेक पिशवी बघत आत सरकत होती. हिरवं होतं ते एकाच बाजूला. मागच्या दारापासून निघालेलं, भिंतीकडेने गेलेलं, आणि झरोक्याखाली सगळ्यात दाट. जणू कुणी तिथे रोज येऊन पाय घोळवत उभं राहत होतं.

नणंद सरळ उभी राहिली. तोंडावरचं फडकं खाली केलं.

"वहिनी, मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते?"

बाईंचा हात आपोआप कमरेकडे गेला. तिथेच होती ती. त्यांनी झरोक्याकडे बघितलं, खाली हिरव्या पिशव्यांकडे बघितलं, आणि स्वतःच्या पायांकडे बघितलं.

नणंदेने किल्ली मागून घेतली, वळसा घालून बाहेरून कुलूप काढलं आणि दार उघडलं. बाहेर उंबऱ्यालगत चुन्याचा जाड थर होता, थरावर थर, मागचे ओले होऊन दगडासारखे घट्ट झालेले. खोल्यांभोवती चुना नेहमीच सांडलेला असतो, म्हणून संधिप्रकाशात बाईंना त्यात कधी काही वेगळं दिसलं नव्हतं. पण हा सांडलेला नव्हता, पसरलेला होता, उंबऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात चपलांचे ठसे होते, आत जाणारे आणि परत फिरणारे.

"पोर हा चुना माझ्याकडून मागून न्यायचं," नणंद म्हणाली. "मला वाटलं, मुंग्यांसाठी हवा असेल. आत्ता कळलं."

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली, असं लिहायची पद्धत आहे. बाईंना तसं झालं नाही. जमीन होती तिथेच होती, आणि त्या तिच्यावर त्याच चपला घालून उभ्या होत्या, हेच तर भयंकर होतं. ते पोर रोज सकाळी उठून त्यांच्या वाटेवर चुना पसरत होतं. मोठ्या माणसाला तुझं चुकतंय असं तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून प्रश्न विचारून बघितला, पायांकडे बघून बघितलं, शेवटी चुना टाकून बघितला. आणि परवा ताटावर सगळे तोंडाकडे बघत असतानाही त्याने नाव घेतलं नाही. आणि ती चष्मेवाली. ती म्हणाली होती, घाईत विसरले. बाईंना तिचा रडका चेहरा अगदी स्वच्छ आठवला, आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"कुणाला सांगू नकोस," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मी नाही सांगणार," नणंद म्हणाली. "पण मॅडम येतायत. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, वहिनी."

ती परत पिशव्या बांधायला लागली. बाई तिथेच उभ्या होत्या. गप्प राहणं फार सोपं होतं. तक्रार द्यायची नाही, नुसतं म्हणायचं की जाऊ दे, पोर आहे, दुसरीकडे ठेवा. पोराचं वर्ष वाचलं असतं, बाईंचा शब्दही राहिला असता. मास्तर उलट कौतुकाने म्हणाले असते, की बघा, वरून फणस असली तरी आतून गोड आहे. एवढा एक विचार त्यांनी पूर्ण केला आणि त्याचीच त्यांना शिसारी आली.

दुपारी गाडी आली. मॅडम बसल्या, पाणी प्यायल्या, वही-पेन काढून म्हणाल्या की झालेलं नुकसान आणि ते कुणी केलं, एवढं थोडक्यात सांगा. मुलगा बाजूला खुर्चीवर बसला होता, बॅग भरून पायांशी. मास्तर दारात. नणंद स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. मागच्या खोल्यांतल्या कामकरणीही काहीतरी निमित्त काढून अंगणात आल्या होत्या, कारण खांबाची उचलबांगडी होणार हे सगळ्यांना कळलं होतं.

बाईंनी घसा साफ केला.

"नुकसान मी केलं," त्या म्हणाल्या, अंगणापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने. "ढिगावरून पाय न धुता मीच खोलीत जात होते. याच्यावर नजर ठेवायला. याचा काही दोष नाही."

मास्तरांनी बायकोकडे असं बघितलं, की जणू ही बाई त्यांना आजच कुणीतरी दाखवली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या नोकरीत यजमानांनी असलं काही कबूल करण्याचा प्रसंग बहुतेक आला नसावा. त्या म्हणाल्या, मग तक्रारीचा प्रश्नच नाही. मुलाकडे वळून त्यांनी विचारलं, की बॅग सोडायची का. तो इथे राहू शकतो, वर्षभर, काही अडचण नाही.

मुलाने मास्तरांकडे बघितलं आणि सावकाश मान हलवली.

"काका, मी मुख्याध्यापकांकडे जातो."

"अरे, पण आता सगळं मिटलं," मास्तर म्हणाले. "काकूंनी स्वतः सांगितलं ना?"

"हो. काकू चांगल्या आहेत." तो शब्द शोधत होता. या वेळी पायांकडे न बघता त्याने सरळ बाईंच्या तोंडाकडे बघितलं. "काकू रोज झरोक्यात असायच्या. आजी रोज म्हणायची, दाखव काकूंना, मला नमस्कार करायचाय. मी फोन तिकडे करायचो. आजी हात हलवायची. काकू खाली बसायच्या. आजी विचारायची, असं का? मी सांगायचो, काकू फार लाजतात. रोज सांगायचो. आता मला परत ते सांगायला जमणार नाही."

बाई आयुष्यात कधी लाजल्या आहेत, यावर एरवी अंगणात हसू फुटलं असतं, पण आज कुणी हसलं नाही. दूर कुठल्या तरी घरात एक म्हातारी रोज संध्याकाळी आपल्याकडे बघून हात हलवत होती, आणि आपण तोंड चुकवून मांडणीखाली वाकत होतो. बाईंना हे चित्र डोळ्यांपुढून हलवता येईना.

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना नाही म्हणता येत नाही आणि जा म्हणताही येत नाही. आता बाईंनीच राहा म्हणावं, बाईंचा शब्द पोर मोडणार नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. आणि ते खरंही होतं. बाईंनी नुसतं राहा म्हटलं असतं तर तो राहिला असता, तसा तो होताच.

बाईंनी तोंड उघडलंही. पण उद्या संध्याकाळ होणार होती. तो पोतं अंथरून ढिगावर बसणार, कुणाला कळत नाही अशा भाषेत बोलणार, मध्येच हसणार. तेव्हा आपण स्वयंपाकघरात शांतपणे भाजी चिरत बसू, खिडकीकडे वळूनही बघणार नाही, असं छातीवर हात ठेवून सांगता येईल का, हे त्यांनी स्वतःला विचारून बघितलं. त्यांना खात्री देता येईना.

म्हणून त्या त्याला राहा म्हणाल्या नाहीत. त्याची बॅग तेवढी स्वतः उचलली आणि गाडीपर्यंत नेऊन ठेवली.